शाळेच्या दारातील पालक : अर्जापासून समितीपर्यंत

महाराष्ट्रातील शिक्षणाचा जो इतिहास आजवर लिहिला गेला तो संस्थापकांचा, अहवालांचा, कायद्यांचा आणि फार तर शिक्षकांचा इतिहास आहे. विद्यार्थी त्यात आकड्यांच्या रूपाने येतो. पालक येतच नाही. आणि दलित पालक आलाच तर डोक्यावर आरोपाचे ओझे घेऊन येतो. 'या लोकांना शिक्षणाची गोडी नाही', 'पालक उदासीन आहेत', 'पोरे कामाला लावतात' ही वाक्ये एकोणिसाव्या शतकातील साहेबांच्या तोंडी होती. आज ती शाळांच्या शिक्षककक्षात तितक्याच सहजतेने ऐकू येतात. एखादे वाक्य शंभर-सव्वाशे वर्षे न झिजता टिकून राहते तेव्हा त्यात कोणाची तरी सोय दडलेली असते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. गेली तीन वर्षे एका खेड्यातील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर 'शिक्षणप्रेमी' म्हणून मी बसतो. दोन शिक्षक, तीसच्या आत पट, आणि निम्म्याहून अधिक मुले बौद्धवाड्यातली व मातंगवस्तीतली अशी ही शाळा आहे. 'पालक आणि शिक्षक यांचा संघ बळकट कसा करावा' हा प्रश्न तेथे दर वर्षी विचारला जातो आणि त्याचे उत्तरही दर वर्षी तेच येते : निमंत्रणपत्रिका काढा, रांगोळी घाला, मेळावा घ्या, चहा द्या. या उत्तरात पालक हा पाहुणा आहे. पाहुण्याने किती वेळ बसायचे आणि काय बोलायचे, हे यजमान ठरवतो. आपल्या समाजातील पालकाचा शाळेशी जो संबंध इतिहासात घडला त्यात मात्र तो कधीही पाहुणा नव्हता. तो अर्जदार होता, दंडाला पात्र होता, बहिष्काराचे लक्ष्य होता. आज कायद्याने तो सभासद झाला आहे. हा प्रवास समजल्याशिवाय समितीच्या बळकटीची चर्चा पोकळ राहते, असे माझे मत आहे.

१

१८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार विद्यार्थ्याचा अर्ज मुंबई सरकारपुढे आला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. या अर्जावर सरकारने दिलेला निर्णय बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला सादर केलेल्या शिक्षणविषयक निवेदनात नोंदवला आहे. तो प्रत्येक शिक्षकाने मुळातून वाचावा. त्याचा आशय थोडक्यात असा : अर्जदाराच्या बाजूला न्याय आहे यात शंका नाही; परंतु एका किंवा थोडक्या व्यक्तींसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींत एकाएकी हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल. म्हणजे न्याय मान्य आणि प्रवेश अमान्य! पुढे १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व सांगितले. परंतु तत्त्वाला गावोगावच्या शाळेचा उंबरठा ओलांडता आला नाही.

या निर्णयातील 'एका किंवा थोडक्या व्यक्ती' या शब्दांपाशी आपण थांबले पाहिजे. अर्जदार एकटा आहे, म्हणून त्याचा न्याय पुढे ढकलता येतो, असा त्याचा अर्थ होतो. एकट्या पालकाची तक्रार ही 'वैयक्तिक' असते, आणि वैयक्तिक तक्रारीसाठी व्यवस्था हलत नाही, हा धडा सरकारने त्या वेळीच दिला होता.

जोतीराव फुल्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी आपल्याला पाठ आहे. पण त्याच निवेदनात महार-मांगांच्या शाळांविषयी एक हिशेब आहे. सवर्णांच्या मुलांशेजारी बसू दिले जात नाही म्हणून सरकारने वेगळ्या शाळा काढल्या, पण त्या मोठ्या शहरांपुरत्याच. आणि पुण्यात या समाजाची वस्ती पाच हजारांहून जास्त असता शाळा एकच, तीत मुलगे तीसच्या आत. पाच हजारांमागे तीस मुलेही नाहीत, हे पाहून सरकारी माणूस म्हणाला असता की पालक उदासीन आहेत. जोतीरावांनी हा दोष पालकांच्या माथी मारला नाही. तो त्यांनी शिक्षणखात्याच्या पदरात टाकला.

याच निवेदनात त्यांनी शिक्षकाविषयी जे म्हटले आहे ते आजच्या पालक-शिक्षक संघाच्या चर्चेत कोणी आणत नाही. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, कारण तो लोकांत मोकळेपणाने मिसळेल, त्यांच्या गरजा व इच्छा त्याला कळतील. सोवळ्याच्या कल्पनेने दूर राहणाऱ्या ब्राह्मण पंतोजीला ते जमत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिक्षकाचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, आणि गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल सांभाळणे अशी कामे त्याच्याकडे देऊन त्याचा गावातील दर्जा वाढवावा, असेही त्यांनी सुचवले. पालक आणि शिक्षक यांच्यातील अंतर हे स्वभावाचे अंतर नसून जातीचे आणि दर्जाचे अंतर आहे, हे जोतीरावांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी सांगितले. मेळाव्यातल्या चहाने हे अंतर बुजत नाही.

तिसरे उदाहरण दापोलीचे. १८९० नंतरच्या काही वर्षांत दापोलीत स्थायिक झालेल्या निवृत्त महार सैनिकांनी आपल्या मुलांना गावच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. गोपाळबाबा वलंगकर हेही याच कोकणपट्टीतले निवृत्त सैनिक. पलटणीतील शाळांमुळे या लोकांना अक्षरओळख होती, अर्ज कसा लिहायचा आणि कोणाकडे पाठवायचा हे ठाऊक होते, आणि पेन्शन सरकारकडून मिळत असल्यामुळे पोटासाठी गावकीच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नव्हती. या लढ्यातून मुलांना शाळेत जागा मिळाली ती पडवीत. पडवी म्हणजे शाळेच्या आतही नाही आणि बाहेरही नाही. तरीही धारवाड व दापोली यांत एक मोठा फरक आहे. धारवाडला अर्जदार एकटा होता; दापोलीला पालक एकत्र आले होते. आज ज्याला आपण पालक संघ म्हणतो त्याचे आपल्या समाजातील एक आद्य रूप मला दापोलीच्या या पेन्शनरांत दिसते. कोणत्याही परिपत्रकाने तो संघ स्थापन केलेला नव्हता. अक्षरज्ञान, आर्थिक स्वातंत्र्य आणि एकजूट या तीन गोष्टींवर तो उभा होता.

२

आता 'उदासीनते'च्या आरोपाकडे वळू. ज्या समाजाला वतनाच्या नावाखाली गावाची सारी हलकी कामे करावी लागत, ज्याच्या घरातील कर्ता माणूस पाटलाच्या व मामलेदाराच्या हाकेला चोवीस तास बांधलेला असे, त्याच्या घरातील पोर शाळेत न जाता बापाच्या जागी राबत असे. याला उदासीनता म्हणायचे की दास्य? महार वतनाविरुद्ध बाबासाहेब १९२० च्या दशकापासून लढत होते, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. वतन आणि शाळा हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे समजून शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांना पालकाचे मन कळणार नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. येथे पालक प्रथमच कायद्याच्या कक्षेत आला, पण तो दंडाला पात्र म्हणून. हा दंड अन्यायाचा होता असे मी म्हणणार नाही. महाराजांनी त्याच्या जोडीला वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. एका हाताने सक्ती करताना दुसऱ्या हाताने त्यांनी शाळेचे दार उघडले होते. पुढच्या काळातील राज्यकर्त्यांनी महाराजांची सक्ती तेवढी उचलली, आणि दाराचा प्रश्न गावावर सोपवला. गाव म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

३

गाव म्हणजे कोण, याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे आणि ते कडू आहे. 'पालक' या शब्दाला जात नाही असे आपण धरून चालतो. वस्तुतः या देशात सर्वांत संघटित, सर्वांत शिस्तबद्ध आणि सर्वांत यशस्वी पालक संघ कोणता झाला असेल, तर तो आपल्या मुलांना शाळेबाहेर ठेवू पाहणाऱ्या सवर्ण पालकांचा!

नागपूरच्या जाईबाई चौधरींचे उदाहरण घ्या. हमाली करून पोट भरणारी ही बाई शिकली आणि मिशनच्या शाळेत शिकवू लागली. शिकवणारी बाई महार आहे हे कळताच सवर्ण पालकांनी बहिष्काराचे हत्यार उपसले, आणि तिला ती नोकरी सोडावी लागली. त्या बाईने १९२२ साली नागपुरात आपल्या मुलींसाठी स्वतःची शाळा काढली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात अशा स्त्रियांची नोंद केली नसती तर तीही पुसली गेली असती.

मुंबई इलाख्याच्या कायदे मंडळाने १९२३ साली बोले ठराव संमत केला. पाणवठे, धर्मशाळा यांच्याबरोबर सरकारी शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर बारा वर्षांनी, १९३५ च्या ऑगस्टमध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावी काही अस्पृश्य पालकांनी आपली चार मुले गावच्या सरकारी शाळेत नेऊन बसवली. दुसऱ्याच दिवशी सवर्णांनी आपली मुले काढून घेतली. पाठोपाठ अस्पृश्यांवर बहिष्कार आला, मजुरी बंद झाली, त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतले गेले. त्यांनी गाव सोडून जावे, असा सल्ला गांधीजींनी दिला. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी कविठ्याचा उल्लेख केला आहे. सरकारी शाळेत मूल पाठवणे हा साधा नागरी हक्क. तो बजावण्याचे धाडस केले म्हणून त्या पालकांना सारे भोगावे लागले. कविठ्याचे हे पालक उदासीन होते काय?

हे सारे इतिहासजमा झाले आहे, असे म्हणणाऱ्यांना मी डिसेंबर २०२१ ची आठवण देतो. उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सुखीढांग येथील शाळेत मध्यान्ह भोजन रांधण्यासाठी दलित बाईची नेमणूक झाली. सवर्ण मुलांनी तिच्या हातचे जेवण नाकारले, पालकांनी हरकत घेतली, आणि नेमणुकीत प्रक्रियेचा दोष दाखवून तिला काढण्यात आले. तेव्हा दलित मुलांनी सवर्ण बाईच्या हातचे जेवण नाकारले. बोभाटा झाल्यावर त्या बाईला पुन्हा कामावर घ्यावे लागले. भोजन रांधण्याच्या कामात दलितांना प्राधान्य द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले होते. नागपूरची बाई शिकवत होती, चंपावतची रांधत होती. मधे जवळजवळ शंभर वर्षे गेली, स्वातंत्र्य आले, संविधान आले. पण पालकांच्या हातातले हत्यार तेच राहिले.

४

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांची भूमिका नीट समजते. १९३२ साली मुंबई कायदे मंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा त्यांनी अस्पृश्यांना वेगळे प्रतिनिधित्व मिळाल्याशिवाय पंचायतीच्या हाती अधिकार देण्यास विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेडे हे लोकशाहीचे माहेर मानणाऱ्यांची भ्रांती दूर केली. सत्ता गावाकडे गेली म्हणजे ती सर्वांकडे गेली असे होत नाही. ती गावातील बलवानांकडे जाते. म्हणून सत्ता खाली सोपवताना दुर्बलाची जागा कायद्यानेच राखून ठेवली पाहिजे, हे त्यांचे सूत्र होते.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ग्राम शिक्षण समित्यांचा काळ आला. अनेक ठिकाणी त्या सरपंचाच्या सोयीच्या समित्या ठरल्या. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती निर्माण केली. समितीत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत. निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. आणि वंचित गट व दुर्बल घटक यांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा तयार करणे, आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. चोविसाव्या कलमाने शिक्षकावर असे कर्तव्य टाकले की, त्याने पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावी. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघाला महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने शुल्काच्या प्रश्नात स्थान दिले. पण आपली बहुसंख्य मुले जेथे शिकतात त्या जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत ही समिती हाच खरा पालक-शिक्षक संघ आहे.

एकविसाव्या कलमातील 'प्रमाणात प्रतिनिधित्व' हे तीन-चार शब्द मी १९३२ च्या भाषणाशेजारी ठेवून वाचतो. धारवाडच्या अर्जदाराला 'तू एकटा आहेस' असे सांगितले गेले होते. कायद्याने निदान कागदावर तरी त्याला एकटे ठेवलेले नाही. ही लहान गोष्ट नव्हे. मात्र कागदावरची जागा आणि सतरंजीवरची जागा यांत अंतर आहे, आणि त्याविषयी मी जे पाहिले ते आता सांगतो.

५

मी लहान असताना माझी आई दुसऱ्याच्या शेतात रोजाने जात असे. शाळेतील पालकसभा भर दिवसा अकरा वाजता असे. सभेला जायचे म्हणजे एक रोज बुडवायचा. ती दोनदा गेली. दोन्ही वेळा तिने दाराशी बसून नोंदवहीत सही केली आणि परत आली. तिला कोणी काही विचारले नाही, आणि विचारावे असे तिलाही कोणी सांगितले नव्हते. त्या शाळेच्या दप्तरात तिची सही आजही असेल. तिने उच्चारलेला एकही शब्द नसेल. पुढे ती जाईनाशी झाली तेव्हा तिचे नाव उदासीन पालकांत पडले.

आज ज्या समितीवर मी बसतो तेथेही आरंभी हेच होते. वंचित गटातील पालकांची नावे यादीत होती, कारण त्यांच्याशिवाय यादी मंजूर होत नाही. बैठक कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. इतिवृत्त आधी लिहिलेले. बैठकीत फक्त सह्या. स्त्रियांचा सहभाग म्हणजे संक्रांतीचे हळदीकुंकू. त्यात बौद्ध बाया बाजूला उभ्या राहत आणि विधवा घरीच थांबत. ज्या कार्यक्रमाच्या रूपातच निम्म्या आया बाहेर राहतात, त्याला माता-पालक मेळावा कसे म्हणायचे?

बदल झाला तो एका प्रश्नाने. मातंगवस्तीतील एक बाई, जी तोवर सहीपुरती येत असे, एका बैठकीत म्हणाली, "गुरुजी, माजी पोरगी तिसरीला गेली. तिला पाटीवरचं वाचता येत न्हाई. मग ती पुढं गेली कशी?" एका प्रतिष्ठित सभासदाने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही असे सांगितले. मी चोविसावे कलम वाचून दाखवले. मुलाची प्रगती पालकाला सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य असेल तर ती विचारणे हा पालकाचा हक्क आहे, आणि तो कायमचा पत्रिकेवर आहे. मुख्याध्यापकांनी रागावण्याऐवजी पुढच्या बैठकीत प्रत्येक मुलाला काय वाचता येते याची नोंद पालकांसमोर ठेवली. अडणारी मुले त्या बाईच्या वस्तीतली होती, तशी पाटलाच्या आळीतलीही होती. त्या दिवशी बैठकीत प्रथमच दोन्ही वस्त्यांतील पालक एकाच विषयावर बोलले. जातीची भिंत त्याने पडली असे मी म्हणत नाही. पण आपल्या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे, हे त्या बाईने आणि इतरांनी पाहिले.

या अनुभवातून आणि वर मांडलेल्या इतिहासातून कार्यकर्त्यांपुढे व शिक्षकांपुढे मी काही गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट, समितीच्या बैठकीआधी वस्तीची बैठक झाली पाहिजे. दापोलीचे पेन्शनर आधी आपसांत बसले असतील, मगच अर्ज निघाला असेल. वस्तीतून येणारा सभासद एकट्याचे गाऱ्हाणे घेऊन आला तर त्याला धारवाडचेच उत्तर मिळेल. तो चार घरांचा प्रश्न घेऊन आला पाहिजे. वस्तीचा प्रतिनिधी कोण, हेही वस्तीनेच ठरवावे. मुख्याध्यापकाच्या सोयीचा गरीब माणूस निवडला जातो तेव्हा प्रतिनिधित्व मरते.

दुसरी गोष्ट, बैठकीची वेळ हा मजुरीचा प्रश्न आहे. संध्याकाळी, बाजाराचा दिवस टाळून, वर्षातून काही वेळा तरी वस्तीत बैठक घ्यावी. शाळेने वस्तीत यावे ही काही कृपा नव्हे. शिक्षकाने लोकांत मिसळावे या जोतीरावांच्या अपेक्षेची ती अंमलबजावणी आहे.

तिसरी गोष्ट, इतिवृत्त बैठकीतच लिहावे आणि सह्यांपूर्वी मोठ्याने वाचावे. अनुदान किती आले व कशावर गेले तेही वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या कानावर हिशेब पडला पाहिजे. प्रत्येक वस्तीतील कोणी कोणता प्रश्न मांडला हे नावानिशी नोंदले जावे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचे महत्त्व अधिक वाटते. उद्याचा इतिहासकार आपल्या पालकांना उदासीन म्हणू लागला तर त्याच्यापुढे ठेवायला आपल्याजवळ हीच दप्तरे असतील.

चौथी गोष्ट, बसण्याची. सर्वांना एकच सतरंजी. कोणी खुर्चीवर आणि कोणी दाराशी, असे असेल तेथे ठराव कितीही पुरोगामी असले तरी पडवी शिल्लक आहे असे समजावे. मुलांच्या जेवणाच्या पंगतीकडे, पाणी कोण भरते व वर्ग कोण झाडते याकडे समितीने स्वतः पाहावे. वंचित गटातील मुलाशी भेदभाव होऊ नये ही शासनाची व स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी कायद्यात लिहिलेली आहे. समितीचे डोळे मिटले असतील तर ती कोण पाहणार?

पाचवी गोष्ट शिक्षकाविषयी. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग सांभाळून सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, माहिती भरण्याची कामे करणारा शिक्षक हाही व्यवस्थेखाली दबलेला माणूस आहे. पालकांनी त्याला आरोपी करू नये. त्याच्या अडचणींचा ठराव समितीने करावा, तो गटशिक्षणाधिकाऱ्यापर्यंत न्यावा. ज्या दिवशी शिक्षकाची मागणी पालक मांडतील आणि पालकाचा प्रश्न शिक्षक नोंदवील त्या दिवशी संघ या शब्दाला अर्थ येईल. आपल्या समाजातले जे तरुण आज शिक्षक झाले आहेत त्यांच्यावर ही जबाबदारी अधिक आहे. नोकरी लागल्यावर वस्तीचा रस्ता विसरणाऱ्यांनी जोतीरावांच्या निवेदनातील तो परिच्छेद पुन्हा वाचावा.

६

या साऱ्याची निकड आज का आहे? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांतील मुलांना एकत्र आणणाऱ्या समूहशाळांचे प्रस्ताव मागवले. अशा शाळांची संख्या राज्यात चौदा हजारांहून अधिक होती. लहान शाळेत खेळायला मुले नसतात, सोयी नसतात, म्हणून मोठी शाळा बरी, असा युक्तिवाद केला गेला. त्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु लहान शाळा कोणाची आहे हे पाहिले पाहिजे. ती पाड्याची आहे, तांड्याची आहे, वस्तीची आहे. ज्यांना परवडते त्यांनी आपली मुले केव्हाच तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवली. पट कमी झाला तो त्यामुळेही. मागे राहिली ती ज्यांना दुसरी शाळा नाही त्यांची मुले. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे महाराष्ट्राचे नियम सांगतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी ओढा ओलांडून दूरच्या शाळेत जाईल की धाकट्याला सांभाळायला घरी राहील, हे कोणत्याही आईला विचारावे.

जोतीरावांनी सांगितलेली पुण्यातली शाळाही तीसच्या आत पटाची होती. 'पट कमी आहे, बंद करा' असे त्यांनी म्हटले नाही. शाळा कमी आहेत, शिक्षक योग्य नाहीत, असे म्हटले. पट हा आकडा पालकांच्या इच्छेचे माप म्हणून वापरला जातो तेव्हा त्यामागची मजुरी, अंतर, जात आणि शाळेतील वागणूक सारे झाकले जाते. शाळा टिकवायची की हलवायची, हे ठरवताना ज्या समितीचे मत घ्यायचे ती समिती सह्यांची असेल तर मतही सहीचेच मिळेल. ती बोलणाऱ्यांची असेल तर तिचा ठराव डावलणे अवघड जाईल.

म्हणून आपल्या चळवळीतील तरुणांना माझे सांगणे आहे की, मोर्चे, परिषदा, जयंत्या यांच्याबरोबर आपल्या वस्तीतील शाळेच्या समितीची यादी एकदा मागून घ्या. वंचित गटातील पालक प्रमाणात आहेत काय, निम्म्या स्त्रिया आहेत काय, शेवटची बैठक केव्हा झाली आणि तीत कोण काय बोलले, हे तपासा. समितीची मुदत संपत आली असेल तर नव्या निवडीआधी वस्तीत चार घरी बसा, आणि ज्या आयांना बोलायचे आहे त्यांची नावे पुढे करा. विद्यार्थ्यांनी इतिवृत्त वाचून दाखवण्याचे काम अंगावर घ्यावे. शिक्षकांनी आपल्या शाळेतील जुनी दप्तरे जपावीत, आणि त्यांत दलित पालकांचे अर्ज सापडले तर ते प्रकाशात आणावेत. दापोलीच्या पेन्शनरांजवळ कायदा नव्हता, तरी ते पडवीपर्यंत पोहोचले. आपल्याजवळ कायदा आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीची तारीख तेवढी विचारायची आहे.